नखातला हिवाळा

त्या माणसाला दाढी होती. बोटाच्या पेराएवढी वाढलेली, काळीभोर, हनुवटीखाली अजून बर्फाने चिकटून राहिलेली. स्नेहल गावडेचं लक्ष पहिल्यांदा तिथंच गेलं.

२०३७ च्या उन्हाळ्यात लडाखमधल्या लुंगमार खिंडीखालचं जुनं बर्फ कधी नव्हे इतकं मागे सरलं आणि याक चारणाऱ्या माणसांना खडकाच्या आडोशाला बसलेला एक जवान दिसला. गळ्यातल्या बिल्ल्यावरचा नंबर शाबूत होता. लान्स नाईक भैरू धामणेकर, नर्सिंग असिस्टंट, गाव आंबेगुळी, तालुका चंदगड. १९ नोव्हेंबर १९६२ च्या लढाईत धारातीर्थी. देह तपासणीसाठी पुण्याच्या प्रयोगशाळेत आला, तिथे स्नेहल काम करत होती. भैरू धामणेकर हे नाव तिने लहानपणापासून गावच्या स्तंभावर वाचलं होतं. तो तिच्या आईचा बाप होता.

"रोज दाढी करणारी माणसं ही," ती तिची सहकारी मेहजबीन मुल्लाला म्हणाली. "घरच्या फोटोत मिशीसुद्धा कातरलेली आहे."

"अगं, तिथे उणे वीस तापमान. दाढीला पाणी कुठलं?" मेहजबीन म्हणाली. "पंधरा दिवस, महिना नसेल केली."

"महिन्यात एवढी वाढत नाही."

मेहजबीन वाकून बघू लागली. मग सरळ होत म्हणाली, "वस्तरा लावू या."

वस्तरा हे त्यांच्या नव्या यंत्राचं प्रयोगशाळेतलं लाडकं नाव. त्याचं काम असं: आपण जे खातो-पितो, त्यातले कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन हे अणू आपल्या शरीरात जातात. या प्रत्येक मूलद्रव्याचे काही अणू किंचित जड असतात, काही हलके. त्यांना समस्थानिकं म्हणतात. नाचणी, ज्वारी, मका, उसाची साखर खाणाऱ्याच्या अंगात जड कार्बनचं प्रमाण वाढतं. गहू, तांदूळ, सातू खाणाऱ्याच्या अंगात ते कमी राहतं. दूध-मांस वाढलं की नायट्रोजन बदलतो. पाण्याचंही तसंच. समुद्राजवळच्या पावसाचं पाणी जड, हिमालयातल्या बर्फाचं हलकं. शरीर ही सगळी नोंद पुसत असतं, कारण मांस, रक्त सतत नवं होतं. पण नख एकदा वाढलं की बदलत नाही. पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला वर्ष, कधी दीड वर्षही घेतं. म्हणजे टोकाला गेल्या वर्षीचं जेवण असतं आणि मुळाशी शेवटचं. पूर्वी या नखाचे पाच-सहा तुकडे करून महिन्या-दोन महिन्यांचा अंदाज बांधत. वस्तऱ्याची लेझर किरणं नखाचा इतका पातळ थर काढत, की आठवड्याआठवड्याचा हिशेब लागे.

नातेवाईक असल्यामुळे स्नेहलने परवानगी घेतली, आणि प्रत्येक मोजमाप मेहजबीनने स्वतंत्रपणे करायचं असं ठरलं.

नखाच्या टोकाशी चंदगड निघालं. नाचणीची भाकरी, घाटमाथ्याचं पावसाचं पाणी. भैरू बासष्टच्या वैशाखात रजेवर आला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे पलटणीचं गहू-तांदळाचं रेशन. मग पाणी एकदम हलकं झालं: लडाख. इथपर्यंत सगळं लष्कराच्या माहितीशी तंतोतंत जुळलं, त्यामुळे नख कोणत्या गतीने वाढत होतं तेही नक्की झालं. त्या गतीने पुढे गेलं तर १९ नोव्हेंबर कुठे येतो, ते पडद्यावर एका रेषेने दाखवलं होतं.

रेषेच्या पुढेही नख होतं.

"किती?" स्नेहलने विचारलं.

"आठ आठवडे. चार-पाच दिवस इकडे नाहीतर तिकडे," मेहजबीन म्हणाली. "आणि हे बघ, रेशन संपलंय. जड कार्बन घटलाय, म्हणजे साखर नाही. धान्य बहुधा तिथलंच, सातू. दूध आहे, लोणी असेल, थोडं मांस. स्नेहल, तुझ्या आजोबांना कुणीतरी दोन महिने जेवायला घालत होतं."

* * *

सुभेदार दत्तू धामणेकर भैरूचा पुतण्या. चोवीस वर्षं फौजेत काढून गावी परतल्यापासून लढाईचा स्मृतिदिन तोच भरवायचा. लुंगमारला आंबेगुळीचे तिघं पडले होते. दोघांचे देह पुढच्या उन्हाळ्यात सापडले, भैरूचा सापडलाच नव्हता. यंदा पंचाहत्तरावं वर्ष, आणि देहही मिळाला. एकोणीस नोव्हेंबरला स्तंभाजवळच लष्करी इतमामात अंत्यसंस्कार करायचे असं ठरलं होतं. शाळेच्या मैदानावर मंडप पडणार होता, आसपासच्या गावांतले सगळे माजी सैनिक गणवेशात येणार होते.

स्नेहल गावी आली ती आधी दत्तूमामाकडेच गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लोटून आला.

"हे कुणाला सांगितलंस?"

"अजून कुणाला नाही. आईला सांगायचंय."

"सांगू नगंस. एकोणीस तारीख होऊ दे, मग काय ते बघू."

"का, मामा?"

"फौजेत लढाई संपल्यावर जवान दोन म्हैनं हजर झाला न्हाई, तर त्याला एक शबूद हाय. मी तो तोंडातनं काढणार न्हाई." त्याने स्नेहलकडे न बघता खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल सरळ केला. "मी भरतीला गेलो तवा मेजरसायबांनी इचारलं, घरात कोण फौजेत हुतं? मी छाती काढून काकाचं नाव सांगितलं. माझी दोन पोरं त्याच नावावर गेली. गावातली पन्नास पोरं गेली. आणि तुझं मशीन म्हणतंय, काका कुठंतरी दूध-लोणी खात बसला हुता."

"मशीन तेवढंच सांगतंय मामा. का, ते सांगत नाही."

"लोकं 'का' इचारत न्हाईत, बाई."

त्याचं म्हणणं तिला खोटं वाटलं नाही, आणि म्हणूनच ती लांबच्या वाटेने घराकडे गेली. आईला न सांगता एकोणीस तारीख पार पाडता आली असती. तपासणीचा अहवाल पुढे ढकलणं तिच्या हातात होतं. पण उद्या कुठून तरी हे बाहेर आलं, तर आईच्या डोळ्याला डोळा कसा भिडवणार?

तिची आई शेवंता परसात शेवग्याच्या शेंगा काढत होती. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, पण काठी अजून सरळ धरायची. अंगणवाडीत तीस वर्षं पोरं सांभाळलेली बाई. कुणाच्या तोंडाकडे बघून ओळखायची, पोट दुखतंय की खोटं बोलतंय.

"काय झालंय?" तिने विचारलं.

स्नेहलने सांगितलं. आडपडदा न ठेवता, यंत्र कसं चालतं तेही सांगितलं. शेवंताने काठी भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसली. आई रडेल, चिडेल, किंवा दत्तूमामासारखं गप्प राहा म्हणेल, या तिन्हींची तयारी स्नेहलने केली होती.

"पोटभर खात हुता का?" शेवंताने विचारलं.

"काय?"

"उपाशी न्हवता न्हवं? ते कळतं का तुझ्या मशीनला?"

"कळतं. उपाशी नव्हते. बरं चाललं होतं त्यांचं. अगदी शेवटपर्यंत."

शेवंताने मान हलवली. "माझी आई सणाला गोडधोड केलं की पयला घास बाजूला काढायची. म्हणायची, त्यो उपाशीपोटी गेला. जलमभर तेच धरून बसली." मग ती एकदम थांबली. तिचा आवाज बदलला. "नव्हेंबरापास्नं दोन म्हैनं म्हंजे कवा?"

"जानेवारीचा मध्य. साधारण संक्रांत."

"मी संक्रांतीच्या पुढल्या आठवड्यात झाले."

स्नेहलच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

"समदा गाव मला काय म्हणायचा, ठावं हाय तुला? बापाला गिळून आली. शाळंत पोरी शेजारी बसायच्या न्हाईत. लग्नाच्या वेळीबी तेच निघालं." शेवंताने पोरीचा हात धरला. "मी जलमले तवा त्यो जित्ता हुता का, एवढं सांग."

"चार-पाच दिवसांचा फरक पडतो, आई. असतील किंवा नसतीलही. याच्यापेक्षा बारीक मोजता येत नाही."

"मग ज्यांच्या घरात जेवला, त्यांना इचारायला पायजे."

"पंचाहत्तर वर्षं झाली."

"मीबी पंचाहत्तर वर्षांचीच हाय की," शेवंता म्हणाली. "आणि ते घर कुठं हाय, ते शोधून काढ. नखात पाणीबी कळतं म्हणालीस न्हवं?"

* * *

पाण्यानेच घर सापडलं. भर हिवाळ्यात त्या भागात सगळं गोठतं, माणसं बर्फ वितळवून पितात. पण भैरूच्या नखातल्या शेवटच्या आठ आठवड्यांतलं पाणी बर्फाचं नव्हतं. त्यात बोरॉन होतं, लिथियम होतं. जमिनीच्या पोटातून वर येणाऱ्या गरम झऱ्यात असतं तसं. लुंगमार खिंडीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर असा एकच झरा होता. छुत्सन नावाची, हिवाळ्यात कळप घेऊन उतरण्याची जागा. आता तिथे दहा-बारा घरांची वस्ती झाली होती.

सप्टेंबरात मायलेकी गेल्या. डॉक्टरांनी शेवंताची छाती दोनदा तपासली, लेहमध्ये मुक्काम करून हवा अंगी लागू दिली, आणि गाडीत प्राणवायूची नळकांडी ठेवून मगच पुढे सोडलं. छुत्सनला पोचल्यावर स्नेहलने पहिल्याच घरी विचारलं, तर त्या घरच्यांनी वरच्या अंगाला असलेल्या एका घराकडे बोट केलं. "डोलकर आबी," ते म्हणाले. आबी म्हणजे आजी.

डोलकर पंचाऐंशीची होती. तरुणपणी रस्त्याच्या कामावर मजुरी करताना हिंदी शिकलेली. तिने भैरूचा फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"मिशी होती याला?" तिने विचारलं. "दाढीच आठवते."

शेवंताने स्नेहलच्या दंडाला धरलं.

डोलकर सांगू लागली. तिची हिंदी मोडकी होती, पण तिला घाई नव्हती. ती तेव्हा दहा वर्षांची. लढाईचे आवाज दोन दिवस येत होते. ते थांबल्यावर तिचा बाप चुकलेले याक शोधायला गेला आणि दोन जवान घेऊन आला. एक चालत होता, दुसरा त्याच्या पाठीवर होता. पाठीवरच्याचे पाय काळे पडले होते.

"चालणारा हा. दुसरा गोरा, लहान. मिसरूड फुटलेलं. या दोघांना एकमेकांची बोलीसुद्धा नीट कळायची नाही. वेगवेगळ्या पलटणीतले. हा रोज झऱ्याचं पाणी आणून त्याचे पाय धुवायचा. आमच्या लोण्याचा दिवा करून रात्रभर... नाही, रात्रभर नाही, आम्ही ओरडायचो, लोणी संपेल म्हणून." ती हसली. "मग खिंड बंद झाली. बाप म्हणाला, आता वसंतापर्यंत कुणी जात नाही."

"एकटे गेले असते तर? सुरुवातीला, खिंड बंद व्हायच्या आधी?" स्नेहलने विचारलं.

"एकटा गेला असता. बापाने सांगितलं होतं, तू जा, याचं आम्ही बघतो. तो गेला नाही."

"आणि तो पाय गेलेला?"

"लोसरनंतर मेला. लोसर म्हणजे आमचं नवं वर्ष, डिसेंबराच्या शेवटी आलं होतं. बापाने आणि याने दगड रचून ठेवलं त्याला, वरच्या टेकाडावर. दगड आहेत अजून. नाव आम्हाला नाही माहीत. हा त्याला 'छोटे' म्हणायचा."

शेवंता पुढे सरकली. तिने तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, "फिर... ये क्यों गया? बर्फ में?"

डोलकरने फोटो खाली ठेवला. मग दोन्ही हात पोटापुढे नेऊन तिने मोठी गोल कमान केली, गरोदर बाईच्या पोटासारखी, आणि खाली, दूर, दक्षिणेकडे बोट दाखवलं.

"रोज असं करायचा. बोटांवर महिने मोजायचा. माझ्या आईला विचारायचा, झालं असेल का? आता झालं असेल का? आई म्हणायची, मला काय ठाऊक! त्या छोट्याला दगडात ठेवलं, त्याच्यानंतर थोडे दिवस थांबला. मग सकाळी निघाला. बापाने दार अडवलं. मोठं भांडण झालं. बाप रडला, मी पहिल्यांदाच बघितलं." तिने शेवंताकडे नीट पाहिलं. "मुलगा झाला की मुलगी?"

शेवंताने आपल्या छातीवर हात ठेवला.

डोलकरने तिला ओढून जवळ बसवलं आणि तिच्या हातात सातूच्या पिठाची वाटी दिली. वर लोण्याचा गोळा होता. शेवंताने तो चमच्याने न खाता बोटांनी कालवला, आणि एक-एक घास करून सगळी वाटी संपवली.

तो कोणत्या दिवशी निघाला, हे स्नेहलने दोन-तीन प्रकारे विचारून पाहिलं. डोलकरला सांगता आलं नाही. आभाळ स्वच्छ होतं, एवढंच तिला आठवत होतं.

उतरताना गाडीत स्नेहल म्हणाली, "आई, नखाचं मूळ अजून एकदा मोजून बघते. कदाचित दोन दिवसांपर्यंत नेमकं येईल."

"नगं," शेवंता म्हणाली. "मी जलमायच्या आधी गेला का नंतर, त्यानं आता काय हुतंय? त्यो माझ्याकडंच निघाला हुता. तेवढं कळलं, बास." थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या छोट्याचं मात्र मोज."

* * *

दत्तूला सांगायला शेवंता स्वतः गेली. स्नेहल सोबत होती, पण बोलली आईच.

पाठीवरच्या जवानाचं ऐकताना सुभेदार ताठ बसला. "नर्सिंगचा माणूस हुता त्यो," तो म्हणाला. "जखमीला टाकून यायचं न्हाई, ही त्याची ड्यूटीच. मग अक्का, हे तर सोनं झालं! हेच सांगू मंडपात."

"पुढलंबी सांगायचं."

"पुढलं कशाला? जखमी गेल्यावर आधी जवळच्या चौकीवर हजर व्हायला पायजे हुतं. हा सरळ घरला निघाला. ते कोण समजून घील?"

"बायकोचं दिवस भरलं हुतं रे."

"फौजेत तसं चालत न्हाई, अक्का."

"तुझी थोरली झाली तवा तू कुठं हुतास?"

दत्तू तेव्हा आसामात होता, आणि पोरीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती चालत होती. त्याची बायको आत स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला.

"अर्धं सांगायचं आसंल तर मी मंडपात येत न्हाई," शेवंता म्हणाली. "पंचाहत्तर वरसं लोकांनी माझ्या बापाचं अर्धंच सांगितलं. त्यात त्यांची चूक न्हाई, त्यांना ठावं न्हवतं. आता आपल्याला ठावं हाय."

एकोणीस नोव्हेंबरला मैदान भरून माणसं आली. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी स्तंभापुढे ठेवली. बाकीच्या दोघांची नावं आधी पुकारली गेली, त्यांच्या घरच्यांनी फुलं वाहिली. मग दत्तूने माईक शेवंताच्या हातात दिला आणि स्वतः खाली उतरून रांगेत उभा राहिला.

ती थोडकंच बोलली. आपला बाप या तारखेला मेला नाही, दोन महिन्यांनी मेला. त्याला एका परक्या घराने आपल्या तोंडचं काढून जेवायला घातलं. एका अनोळखी जवानाचे पाय तो रोज धूत राहिला, आणि तो जवान गेल्यावर आपल्या लेकराला बघायला निघाला. "ते लेकरू मी," ती म्हणाली. "ज्यांना ह्यो शूर वाटंल, त्यांनी सलामी द्या. ज्यांना वाटणार न्हाई, त्यांनी नुसतं हात जोडा. पर खरं हाय ते असं हाय."

मैदानात कुजबुज झाली. मागच्या रांगेतले एक म्हातारे हवालदार उठून चालू लागले, आणि त्यांच्यामागे अजून दोघं गेले. स्नेहलने दत्तूमामाकडे पाहिलं. तो त्या तिघांच्या पाठीकडे बघत होता. क्षणभर तिला वाटलं, हाही निघून जाणार.

"सावधान!" दत्तू ओरडला. रांग ताठ झाली. "सलामी... दे!"

हात वर गेले. सगळे नव्हे, पण बहुतेक.

चिता रचल्यावर भटजींनी पुतण्याला पुढे बोलावलं. दत्तूने पेटता टेंभा हातात घेतला, आणि तो शेवंताकडे दिला. "तुझ्यासाठी निघाला हुता त्यो," तो हळू म्हणाला. अग्नी लेकीने दिला. धूर सरळ वर गेला, मग वाऱ्याने डोंगराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहल पुण्याला निघायची तयारी करत होती. छुत्सनच्या टेकाडावरच्या दगडांखालून, लष्कराच्या परवानगीने आणि डोलकरच्या देखत, त्या छोट्याचा एक दात आणला होता, कारण बिल्ला मिळाला नव्हता. दातावरचं कठीण कवच, म्हणजे इनॅमल, लहानपणीच तयार होतं. तिथे बालपणीचं पाणी कायमचं राहतं. मेहजबीनचं पहिलं मोजमाप आलं होतं.

"काय निघालं?" शेवंता चहाचा कप घेऊन तिच्याजवळ बसली.

"चुनखडीच्या डोंगरातलं पाणी. मका पुष्कळ खाल्लेला. हिमालयाच्या पायथ्याकडचा असावा, पश्चिमेचा. पण तो पट्टा केवढा मोठा आहे, आई. शेकडो गावं आहेत त्यात. जिथून जिथून जवान परतले नाहीत, तिथल्या घरच्यांच्या रक्ताशी या दाताचा डीएनए जुळवत जायचं. वर्षं लागतील."

"लागू देत."

"सापडेलच असं नाही."

"त्याची आई तर आता नसंल," शेवंता म्हणाली. "पर भाऊ आसंल, भैन आसंल. कोण तरी कालच्या तारखेला दिवा लावत आसंल, त्यो लढाईतच गेला आसं समजून. त्यांना सांगायला नगं, का त्याचं पाय कुणीतरी रोज धूत हुतं?"

तिने चहाचा कप स्नेहलच्या हातात दिला. "पी आधी. आणि पयल्या गावाचं नाव सांग, कुठनं सुरुवात करायची ते."